लेन्स बसवल्यानंतरही डोळा जपा

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आज अर्ध्या तासात आटोपते. पण लेन्स बसली म्हणजे काळजी संपली, असे नव्हे. २०१५ मध्ये बुलढाण्याला लागून असलेल्या वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर अनेकांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग झाला. त्यांना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हलवावे लागले, तरी काहींची दृष्टी गेलीच.

असा संसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर तो बहुधा पहिल्या आठवडाभरात दिसतो. डोळा ठणकतो, लाल होतो, पापण्या सुजतात आणि आलेली नजर पुन्हा मंदावते. अशा वेळी प्रत्येक तास मोलाचा असतो.

दुसरी तक्रार सावकाश येते. मेहकर-लोणारकडची एखादी आजी वर्ष-दोन वर्षांनी म्हणते, ‘मोतीबिंदू परत आला.’ तो परत येत नसतो. लेन्सला आधार देणारा मागचा पातळ पडदा धुरकट झालेला असतो. याग लेसरने त्याला छोटीशी खिडकी पाडतात. टाके नाहीत, भरती होणे नाही.

याखेरीज लेन्स क्वचित जागेवरून सरकते, कधी डोळ्यातला दाब वाढतो.

म्हणून सोयाबीनची मळणी असो की कपाशीची वेचणी, डॉक्टर सांगतील तोवर धुळीत जाऊ नका. थेंब हात धुऊनच घाला आणि डोळा दुखू लागला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.