काळजी करणे आणि काळजी घेणे

संत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाच्या अखेरीस प्रभू येशू ख्रिस्त आकाशातील पाखरांचा आणि रानातील फुलांचा दाखला देतो. काय खावे, काय प्यावे, काय ल्यावे याची चिंता वाहू नका, असे तो आपल्या शिष्यांना बजावतो. मिस्सामध्ये हा उतारा वाचला गेला की ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना दिलासा मिळतो. परंतु काहींच्या मनात त्याच वेळी एक अपराधी भावना डोके वर काढते. मुलाच्या बारावीच्या निकालाची, घरातील वृद्धाच्या औषधपाण्याची, बँकेच्या हप्त्याची काळजी तर आपल्याला रोजच वाटते. मग आपली श्रद्धा खोटी म्हणायची काय? 'फादर, मला रात्री झोप येत नाही, म्हणजे माझा देवावर विश्वास नाही का?' हा प्रश्न धर्मगुरूला वारंवार विचारला जातो आणि तो विचारणारी माणसे बहुधा अत्यंत श्रद्धाळू असतात. म्हणून या विषयाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे आवश्यक वाटते.

प्रथम आपली परिस्थिती ध्यानात घेऊ. मुंबई-गोवा महामार्गावर, चिपळूणच्या दक्षिणेस असलेले सावर्डे आणि त्याच्या आसपासचा मुलूख सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो. पुणे धर्मप्रांताचे विभाजन होऊन २००५ साली हा धर्मप्रांत अस्तित्वात आला. वसईप्रमाणे येथे गावेच्या गावे कॅथलिक नाहीत. नोकरी, शिक्षण, रुग्णसेवा अशा कारणांनी आलेली थोडी कुटुंबे विखुरलेली आहेत आणि मिस्साला जायचे तर प्रवास करावा लागतो. त्यांच्या चिंता मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांसारख्याच आहेत. आंब्याला मोहर आला की फुलकिड्यांची आणि अवकाळी पावसाची धास्ती. मुलगा मुंबईला गेला की त्याच्या खोलीभाड्याची विवंचना. आणि आषाढ लागला की नदीच्या पाण्याची भीती. ही भीती काल्पनिक नव्हे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण शहर बुडाले. असे अनुभव घेतलेल्या माणसाला 'पाखरांकडे पाहा' एवढेच सांगून आपण निघून जाऊ लागलो, तर तो आपल्याला निष्ठूर म्हणेल आणि त्यात त्याची चूक नसेल.

मग प्रभूच्या त्या शब्दांचा अर्थ काय?

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत येथे 'मेरिम्नाओ' हे क्रियापद आहे. अनेक अभ्यासक त्याचा संबंध 'विभागणे' या अर्थाच्या धातूशी जोडतात. ज्याचे मन तुकड्यातुकड्यांत विभागले गेले आहे, एक तुकडा आजच्या कामात, दुसरा उद्याच्या संकटात, तिसरा लोकांच्या बोलण्यात, अशा माणसाची ती अवस्था आहे. आता गंमत अशी की संत पौल फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात हेच क्रियापद वापरून कशाचीही चिंता करू नका असे सांगतो आणि त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, तेच क्रियापद योजून, तीमथ्य तुमची मनापासून काळजी वाहील अशी त्याची स्तुती करतो! एवढेच नव्हे, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, सर्व ख्रिस्तमंडळ्यांची चिंता आपल्याला दररोज ग्रासते, अशी तो स्वतःविषयी कबुली देतो. तेथेही शब्द त्याच कुळातला आहे. पौल विसराळू होता म्हणून असे घडले नाही. शब्द एक असला तरी त्यातून निघणाऱ्या वाटा दोन आहेत, हे तो जाणून होता.

आपली मराठी याबाबतीत ग्रीकपेक्षाही सोयीची आहे. काळजी या शब्दाचे काळजाशी नाते आहे. पण आपण 'काळजी करतो' आणि 'काळजी घेतो'. तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसलेली आई दोन्ही करीत असते. कपाळावर ओल्या कापडाची घडी ठेवणे, वेळेवर औषध देणे, सकाळी दवाखान्यात नेणे ही काळजी घेणे झाली. याचे काही बरेवाईट झाले तर, या विचाराने रात्रभर स्वतःलाच पोखरत राहणे ही काळजी करणे झाली. पहिलीत प्रीती कामाला लागलेली असते. दुसरीतही मुळात प्रीतीच असते, पण तिला हात नसतात, म्हणून ती आतल्या आत फिरत राहते. प्रभू आपल्याला सोडायला सांगतो ते हे दुसरे ओझे.

तिवऱ्याची गोष्ट या संदर्भात मला फार बोलकी वाटते. धरणाला गळती लागली आहे, अशी तक्रार तेथील ग्रामस्थांनी दुर्घटनेपूर्वीच केली होती. त्या ग्रामस्थांची चिंता अश्रद्धा होती काय? मुळीच नाही. ती शेजारधर्माची काळजी होती. त्या काळजीला वेळेवर उत्तर मिळाले नाही, दुःख आहे ते याचे. त्याचप्रमाणे २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांनी साखळी उपोषण केले आणि २०२२ च्या आरंभी वाशिष्ठीतील गाळ उपसण्याचे काम सुरू झाले. 'देवाची इच्छा' असे म्हणून ते घरी बसले असते, तर ती श्रद्धा ठरली नसती.

याला धर्मशास्त्राचा भक्कम आधार आहे. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेले आणि खाली उडी टाकण्यास सुचवले. देवदूत तुला झेलतील, असा स्तोत्रसंहितेचा दाखलाही दिला. म्हणजे देवावर भरवसा ठेवण्याची भाषा येथे सैतान बोलत आहे, आणि प्रभू ती नाकारतो. देवाची परीक्षा पाहणे आणि देवावर विसंबणे यांत त्याने स्पष्ट रेघ ओढली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात आशेविरुद्धची दोन पापे सांगितली आहेत : निराशा आणि फाजील विश्वास (क्रमांक २०९१ व २०९२). आपण पहिल्याविषयी पुष्कळ बोलतो, दुसऱ्याविषयी फारसे नाही. हेल्मेट न घालता महामार्गावर मोटारसायकल हाकणारा तरुण गळ्यातल्या रोझरीवर जो भार टाकतो, त्याला भरवसा म्हणता येणार नाही. त्याच ग्रंथातील क्रमांक २८३० मध्ये 'रोजची भाकर' या मागणीचा अर्थ सांगताना, प्रभू आपल्याला आळसाचे आमंत्रण देत नसून कुरतडणाऱ्या चिंतेतून सोडवू इच्छितो, अशा आशयाचे विवेचन आहे.

कोकणी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आगोटीपूर्वी आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी होते. सुकी मासळी, आमसुले, मिरची, मीठ, लाकूडफाटा सारे घरात भरले जाते, कौले परतली जातात. उद्याची चिंता करू नका म्हणणाऱ्या प्रभूला ही बेगमी मान्य असेल का? निर्गम ग्रंथाचा सोळावा अध्याय वाचावा. अरण्यात इस्राएली लोकांना मान्ना मिळे तो त्या त्या दिवसापुरता. हावेने साठवलेल्या मान्नात किडे पडले. परंतु सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा स्वतः परमेश्वरानेच दिली, कारण सातवा दिवस विश्रांतीचा होता, आणि तो साठा नासला नाही. तेव्हा साठवण्यात दोष नव्हता. देव उद्या असणार नाही असे धरून साठवण्यात होता.

भरवशाचा आणखी एक पैलू आहे आणि तो घराघरांतला आहे. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना मराठी वाचक ओळखतात. ते आपल्या कॅथलिक परंपरेतले नव्हते, पण मराठी ख्रिस्ती माणसाला ते परके कसे असतील? लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' मध्ये आपला संसार मोठ्या विनोदाने रंगवला आहे. टिळकांचा हात उदार, व्यवहाराकडे लक्ष कमी. उद्या चूल कशी पेटायची हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. वाचताना हसू येते, पण हसता हसता विचारही येतो की एकाचा निर्धास्तपणा पुष्कळदा दुसऱ्याच्या निद्रानाशावर उभा असतो. आपल्या कुटुंबांतही 'देव बघून घेईल' असे म्हणणारा बहुधा पुरुष असतो आणि बघून घेणारी बहुधा स्त्री. पतीदेवांनी हे वाक्य उच्चारण्यापूर्वी घरखर्चाची वही एकदा उघडून पाहावी, अशी नम्र सूचना करावीशी वाटते.

आता सर्वांत कठीण प्रश्नाकडे येऊ. सगळी काळजी घेऊनही संकट आले तर? पुरातून बचावलेला माणूस 'प्रार्थनेमुळे वाचलो' म्हणतो तेव्हा त्याची कृतज्ञता खरी असते. पण शेजारच्या घरातले माणूस गेले असेल तर त्या घरच्यांना ते वाक्य कसे ऐकू येते? त्यांनी काय प्रार्थना केली नव्हती? साक्ष देताना एवढे भान आपण अवश्य ठेवावे. प्रभूने चिमण्यांचा दाखला दिला तेव्हा चिमणी जमिनीवर पडतच नाही असे तो म्हणाला नाही. ती पडते, पण पित्यावाचून पडत नाही, एवढेच त्याने सांगितले. गेथशेमानी बागेत तो स्वतः व्याकूळ झाला, प्याला टळावा म्हणून त्याने विनवणी केली आणि तो टळला नाही. भीती वाटणे म्हणजे अविश्वास असता, तर ही रात्र शुभवर्तमानात लिहिली गेली नसती.

भरवसा म्हणजे मनाला वाटणारा गोडवा नव्हे, हेही संतांच्या चरित्रांतून दिसते. लिझ्यूची संत तेरेझा १८९६ च्या पुनरुत्थान सणापासून १८९७ मध्ये मृत्यू येईपर्यंत अंधारात चाचपडत होती. स्वर्गाचा विचारही तिला आधार देईना. कोलकात्याच्या संत तेरेसा यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी दीर्घकाळ सोसलेली आंतरिक कोरड जगाला कळली. तरीही त्या रोज पहाटे उठत, मिस्साला जात आणि मग रस्त्यावरच्या आजाऱ्यांकडे जात. ज्यांना प्रार्थनेत काहीच 'वाटत' नाही, अशा आपल्या वाचकांनी या दोघींना आपल्या सोबती मानावे.

येथे एक व्यावहारिक गोष्ट स्पष्टच सांगतो. काही वेळा काळजी हा आजार असतो. छाती धडधडणे, आठवडेच्या आठवडे झोप न लागणे, जगणे नकोसे होणे, ही लक्षणे श्रद्धेच्या उणिवेची नव्हेत आणि 'जास्त जपमाळ म्हणा' हे त्यावरचे पुरेसे उत्तर नव्हे. बेन-सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले (१ राजे १९). ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. तो क्रमांक घरात लिहून ठेवावा. कुटुंबातील कोणी असे खचलेले दिसले, तर फोन लावून देणे हेही काळजी घेणेच आहे.

वाशिष्ठीला महापूर आला ते २०२१ साल पोप फ्रान्सिस यांनी घोषित केलेल्या संत योसेफाच्या वर्षातले होते. शुभवर्तमानात योसेफाचा एकही उद्गार नोंदलेला नाही. त्याच्या वाट्याला स्वप्ने आली आणि प्रत्येक स्वप्नानंतर तो उठून कामाला लागला. बाळ आणि त्याची आई यांना घेऊन रातोरात मिसरला निघाला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली मनिला येथे सांगितले होते की, त्यांच्या टेबलावर निद्रिस्त योसेफाची मूर्ती असे, आणि एखादी अडचण आली की ते ती कागदावर लिहून त्या मूर्तीखाली ठेवीत.

ही प्रथा आपल्या घरांतही सहज सुरू करता येईल. मुसळधार पावसाच्या रात्री आधी महत्त्वाची कागदपत्रे प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवावीत, औषधे व टॉर्च हाताशी घ्यावेत, मोबाइल चार्ज करावा, नदीकाठच्या शेजाऱ्याला एक हाक मारून यावे. मग कुटुंबाने एकत्र बसून जपमाळ म्हणावी, उरलेली चिंता एका चिठ्ठीवर लिहून वेदीवरील संत योसेफाच्या चित्राखाली सरकवावी आणि दिवा मालवावा.