अणुबॉम्ब आहे म्हणून जवान नकोत?

"अणुबॉम्ब हाय की आपल्याकडं, मग एवढं लष्कर कशाला पोसायचं?" कोल्हापुरात राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर संरक्षण खर्चाचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. बोलणारे शिकलेसवरलेले असतात, म्हणून जास्त चीड येते. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत पोरं धाडणारी सैनिक टाकळी याच जिल्ह्यात आहे, आणि तरी 'पोसायचं' हा शब्द तोंडात येतो.

बॉम्ब कशासाठी आहे, ते आधी बघू. 4 जानेवारी 2003 ला सरकारने अण्वस्त्र धोरण जाहीर केलं. पहिला वार आपण करणार नाही. अणुहल्ला झालाच तर उत्तर असं देऊ की शत्रूला ते सोसणार नाही. म्हणजे समोरच्याने बॉम्ब टाकायला धजू नये, हे आपल्या बॉम्बचं काम. सीमेवरची एखादी चौकी बळकावली म्हणून कुणी अणुबॉम्ब टाकत नाही आणि शत्रूलाही ते पक्कं ठाऊक असतं.

पुरावा हवा? मे 1998 मध्ये भारत आणि पाकिस्तान दोघांनीही अणुचाचण्या केल्या. वर्षभरात कारगिल घडलं. टायगर हिलसारखी सोळा हजार फुटांवरची शिखरं परत घेतली ती रात्रीच्या अंधारात दोराने कडे चढणाऱ्या पायदळाने, खालून आग ओकणाऱ्या बोफोर्स तोफांच्या आधाराने. पाचशेहून अधिक जवान गेले. जून 2020 मध्ये चिनी सैन्याशी गलवानला झालेल्या संघर्षात तर बंदुकाही चालल्या नाहीत. दगड आणि सळ्यांनी झालेल्या झटापटीत आपले 20 जवान शहीद झाले. दोन्ही देशांकडे अण्वस्त्रं होतीच.

राग काढायचाच तर तो तोफांच्या खरेदीतल्या दिरंगाईवर काढा. बोफोर्सचा करार 1986 चा. त्यानंतर के-9 वज्र आणि एम-777 या नव्या तोफा लष्करात दाखल झाल्या नोव्हेंबर 2018 मध्ये, नाशिकजवळ देवळालीत. मधली बत्तीस वर्षं कुणी हिशोबात धरत नाही.

आता बाकीचे गैरसमज.

"सगळा पैसा शस्त्रांवर जातो." संरक्षण मंत्रालयाचेच आकडे पाहा: 2025-26 ची तरतूद 6,81,210 कोटी रुपये. त्यात शस्त्रं, विमानं, जहाजं वगैरेंचा भांडवली खर्च 1,80,000 कोटी आणि निवृत्तिवेतन 1,60,795 कोटी. चार वर्षांसाठी, निवृत्तिवेतनाशिवाय जवान भरणाऱ्या अग्निपथ योजनेवर एवढा वाद का झाला, ते या दुसऱ्या आकड्यावरून कळतं.

"सगळं परदेशातूनच येतं." त्याच वर्षी खरेदीतले 1,11,544 कोटी देशी उद्योगांसाठी राखले होते. तरीही स्टॉकहोमची 'सिप्री' संस्था भारताला जगातल्या सर्वांत मोठ्या शस्त्र आयातदारांत मोजते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

"टेंबलाईवरची टीए म्हणजे कायमची सरकारी नोकरी." नाही. टीए, म्हणजे प्रादेशिक सेना, आपापला कामधंदा असणाऱ्यांसाठी आहे. गरज पडली की बोलावतात, तैनाती संपली की माणूस पुन्हा आपल्या कामावर.