भरलेली वाटी, उपाशी पक्षी

वाटीत दाणे दिसत असूनही पिंजऱ्यातला कॉकॅटील उपाशी असू शकतो! मूळचा ऑस्ट्रेलियाचा, साधारण ९० ग्रॅम वजनाचा हा पोपटवर्गीय पक्षी. तो दाणा चोचीत फिरवून सोलतो, गर खातो आणि टरफल बरेचदा वाटीतच टाकतो. म्हणून रोज वाटीवर हलकी फुंकर मारावी. उडतात ती टरफले, उरतात ते दाणे.

दुसरी सवय सूर्यफुलाच्या बियाच निवडून खाण्याची. त्यांत स्निग्धांश भरपूर, पण कॅल्शियम आणि अ-जीवनसत्त्व फारच कमी. मग अंडी घालणारी मादी भिंतीचा चुना कुरतडू लागते. ही खोडी नव्हे, कॅल्शियमची भूक असू शकते. अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचेच असते ना!

किन्हीराजासारख्या गावात ज्वारी-बाजरीच्या जोडीला कॅल्शियमसाठी शेवग्याचा पाला, अ-जीवनसत्त्वासाठी किसलेले गाजर देता येईल. मात्र बदल हळूहळू करावा. अनोळखी पदार्थ खाण्याचा आहे हेच पक्ष्याला कळत नाही आणि तो उपाशी राहतो.

सकाळी घातलेले आणि संध्याकाळी फुंकरीनंतर उरलेले दाणे मुलांना तोलू द्या. पक्षी जेवला की नाही, हे वजाबाकीच सांगेल.