खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयातील तळटाकी व आश्रयकुंड

घरात सागरी मासे पाळणाऱ्यांच्या बोलण्यात 'सम्प' आणि 'रेफ्यूजियम' हे दोन शब्द आता सर्रास ऐकू येतात. पहिला शब्द उत्तर युरोपातील जर्मानिक बोलींतून इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ दलदल. आपल्याकडील पाणीपुरवठा योजनांतील 'संपवेल'मध्येही तो शिरलेला आहे. तथापि मराठीत नुसता 'संप' लिहिला तर वाचकास गिरणी कामगार आठवतील, म्हणून येथे 'तळटाकी' हा शब्द योजिला आहे. दुसरा शब्द लॅटिन असून पळून जाऊन आसरा घेण्याची जागा असा त्याचा अर्थ होतो. हिमयुगात ज्या थोड्या प्रदेशांत प्राणी व वनस्पती तग धरून राहिल्या, त्या प्रदेशांना जीवशास्त्रज्ञ हेच नाव देतात. मत्स्यालयापुरते त्यास 'आश्रयकुंड' म्हणण्यास हरकत नसावी.

तळटाकी म्हणजे दर्शनी टाकीच्या खाली ठेवलेली दुसरी टाकी. दर्शनी टाकीच्या काठाशी असलेल्या सांडव्यावरून पाणी आपल्या भाराने खाली उतरते आणि तळटाकीतील पंप ते पुन्हा वर चढवितो. ही कल्पना नवी नाही. लंडनजवळ सिडनहॅम येथे क्रिस्टल पॅलेसच्या आवारात १८७१ मध्ये उघडलेल्या मत्स्यालयात विल्यम अल्फर्ड लॉइड याने दर्शनी टाक्यांखाली एक मोठा अंधारा हौद बांधला होता. त्या हौदात वरच्या सर्व टाक्यांपेक्षा कितीतरी अधिक पाणी मावत असे व ते अखंड खेळते ठेवले जाई. प्रेक्षकास दिसणारे पाणी हा एकूण पाण्याचा अल्प भाग असावा, हे त्याचे सूत्र होते. कारण साठा जितका मोठा तितका पाण्यातील बदल संथ. घरच्या कपाटात एवढी चैन शक्य नसते. तेथे जागा मोजकी असते, आणि म्हणूनच आकडेमोड अटळ ठरते.

तळटाकीची योजना ती चालू असतानाच्या स्थितीवरून करणे ही या विषयातील सर्वात महागात पडणारी चूक होय. ती बंद पडेल त्या क्षणावरून योजना करावयास हवी. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचे पाणी खाली येण्याचे थांबत नाही. सांडव्याच्या काठावरील पाण्याचा थर उतरतो, सांडव्याच्या कप्प्यातील व नळ्यांतील पाणी उतरते. शिवाय पाणी वर नेणाऱ्या नळीचे तोंड पृष्ठभागाखाली बुडालेले असल्यास तीच नळी सायफन होऊन उलट दिशेने पाणी ओढू लागते.

दर्शनी टाकीची आतील लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ४५ सेंटिमीटर व उंची ५० सेंटिमीटर आहे असे धरू. तिच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ५४०० चौरस सेंटिमीटर होते. नळीचे तोंड पाण्याखाली ५ सेंटिमीटर असेल तर ते उघडे पडेपर्यंत २७ लिटर पाणी खाली येईल. त्यात सांडव्याच्या कप्प्यातील ४ व नळ्यांतील २ लिटर मिळविले म्हणजे ३३ लिटर झाले. नळीस पृष्ठभागाच्या किंचित खाली बारीक छिद्र पाडण्याची रीत आहे. पातळी तेथवर येताच हवा आत शिरून सायफन तुटतो. छिद्र २ सेंटिमीटरवर असेल तर एकूण उतार १७ लिटरच्या आसपास राहतो. परंतु त्या छिद्रात शैवल वाढते, एखादी गोगलगाय नेमकी तेथेच बसते. एकमार्गी झडपेवरही चुनखडीचे थर चढतात आणि ती घट्ट मिटेनाशी होते. हे उपाय अवश्य करावेत, पण हिशेब मात्र ते निकामी ठरतील असे धरूनच करावा. म्हणजे ३३ लिटर.

आता तळटाकी ९० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच घेतली आणि तिच्यातील चालू पातळी २५ सेंटिमीटर ठेवली, तर काठाखाली ३ सेंटिमीटर सोडूनही सुमारे ४३ लिटरची जागा रिकामी राहते. ३३ लिटर तीत सहज मावतात. पण साठा वाढविण्याच्या मोहाने पातळी ३२ सेंटिमीटरवर नेली, तर अगदी काठापर्यंत मिळून २९ लिटरसुद्धा जागा उरत नाही. उरलेले चारेक लिटर खारे पाणी जमिनीवर येणार, आणि कपाटातच विजेची जोडणी असेल तर प्रश्न केवळ फरशीचा राहत नाही.

याच्या नेमका उलट अपघातही संभवतो. सांडव्याची नळी तुंबते आणि पंप मात्र चालूच राहतो. अशा वेळी परतीच्या कप्प्यातील सगळे पाणी वर चढते. त्यावर उपाय म्हणजे तो कप्पाच लहान ठेवणे. २० सेंटिमीटर लांबीच्या आणि २२ सेंटिमीटर पातळीच्या परतीच्या कप्प्यात सुमारे साडेसतरा लिटर पाणी असते. दर्शनी टाकीत काठाखाली ४ सेंटिमीटर मोकळे सोडले असल्यास तेथे साडेएकवीस लिटर मावतात, म्हणून पाणी सांडत नाही. हाच कप्पा ३० सेंटिमीटर केला की हिशेब फसतो. उलटपक्षी फार लहान कप्पाही सोयीचा नाही. आधीच्या कप्प्यांची पातळी आडभिंती धरून ठेवतात. बाष्पीभवनाने होणारी सर्व घट एकट्या परतीच्या कप्प्यात दिसते. दिवसाला ४ लिटर पाणी उडत असेल, तर वरील कप्प्याची पातळी रोज ५ सेंटिमीटरने खाली जाईल आणि दोन-तीन दिवसांत पंप हवा ओढू लागेल. उडते ते पाणी, मीठ मागे राहते; म्हणून ही घट खाऱ्या पाण्याने न भरता आरओ यंत्रातून गाळलेल्या गोड्या पाण्याने भरावी लागते. सांडव्यास आणीबाणीसाठी दुसरी मोकळी नळी असावी, हे वेगळे सांगावयास नको.

राहिलेल्या ७० सेंटिमीटरांपैकी पहिले ३० पाणी पडण्यास व फेस काढणाऱ्या यंत्रास दिले, तर आश्रयकुंडास ४० सेंटिमीटर, म्हणजे ४० लिटर मिळतात. त्यानंतर एकाखालून व एकावरून पाणी नेणाऱ्या आडभिंतींची रचना करून बुडबुडे अडवावेत. त्या आडभिंती यातलीच थोडी जागा खातात.

आश्रयकुंडाचे प्रयोजन दुहेरी आहे. माशांच्या मलमूत्रातून येणारा अमोनिया जीवाणू नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतरित करतात. नायट्रेट साचत जाते. शैवल ते शोषून वाढते. स्मिथ्सोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी बंदिस्त प्रवाळसृष्टीचे पाणी शैवलांकडूनच स्वच्छ करून घेण्याचे जे प्रयोग केले, त्यांचे विवेचन त्यांच्या व कॅरन लव्हलँड यांच्या १९९१ मधील ग्रंथात आहे. येथे एक गोष्ट बहुधा विसरली जाते : शैवलाने शोषलेले द्रव्य टाकीबाहेर जाते ते शैवल उपटून बाहेर टाकल्यावरच. न काढलेले शैवल कुजून घेतलेले सर्व परत करते. कुंडातील दिवा दर्शनी टाकीतील दिवे मालवल्यावर लावावा. रात्री श्वसनामुळे वाढणारा कर्बवायू त्यामुळे वापरला जातो आणि पाण्याचा सामू फारसा घसरत नाही.

दुसरे प्रयोजन नावातच आहे. कोपेपॉडसारखे सूक्ष्म कवचधारी प्राणी येथे माशांच्या तोंडापासून दूर राहून वाढतात आणि प्रवाहाबरोबर थोडेथोडे वर जाऊन अन्न होतात. मँडरीन माशाचे मुख्य खाद्य हेच. कुंडाची सोय नसलेल्या लहान टाकीत तो बहुधा उपासमारीने मरतो. म्हणून कुंड व पंप यांच्यामध्ये गाळणी ठेवू नये.

शैवलाची निवड मात्र जपून करावी. कॉलर्पा वेगाने वाढते, पण कधी कधी एका रात्रीत युग्मके सोडून सारे पाणी दुधाळ करते व स्वतः मरते. तिच्यातील टॅक्सिफोलिया ही जात १९८४ मध्ये मोनॅको येथील सागरी संग्रहालयासमोरच्या समुद्रात आढळली व पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरली; २००० मध्ये ती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडली आणि तिच्या उच्चाटनास २००६ पर्यंत झटावे लागले. दोन्ही ठिकाणी संशय मत्स्यालयांच्या सांडपाण्यावरच आहे. गुंतवळासारखी दिसणारी कीटोमॉर्फा तुलनेने निरुपद्रवी. तरीही उपटलेले शैवल गटारात न टाकता वाळवूनच टाकावे. कुंडात ठेवण्याचे दगड मालवणसारख्या किनाऱ्यावरून उचलून आणण्याचा विचारही करू नये. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

मासे आणण्यापूर्वी दोन्ही टाक्या साध्या पाण्याने भरून पंप चालू करावा, तळटाकीतील पातळीवर खूण करावी आणि मग नळीचे बारीक छिद्र बोटाने बंद धरून वीज तोडावी. पाणी जेथे थांबेल तेथे दुसरी खूण करावी. त्यानंतर सांडव्याची नळी मुद्दाम बुजवून पंप चालवावा व वरचा काठ पाहावा. दोन्ही वेळा फरशी कोरडी राहिली, तरच मीठ विरघळविण्यास घ्यावे.