गाडी आपली, गल्ली सर्वांची

सहलीहून परतल्यावर आम्ही मोठी गाडी कव्हर घालून कोंढव्यातल्या आमच्या गल्लीत उभी केली. आठवडाभर ती हलली नाही. एका रात्री रुग्णवाहिका तिच्यापाशी अडकली आणि शेजारच्या खालाजानना खुर्चीवर बसवून कोपऱ्यापर्यंत न्यावे लागले. त्या बऱ्या झाल्या. आमची मान मात्र वर होईना.

मोटार वाहन कायद्याचे कलम १२७ सांगते : सार्वजनिक जागी १० तास किंवा अधिक बेवारस वा देखरेखीविना राहिलेली गाडी पोलीस उचलायला लावू शकतात. दारासमोरचा रस्ताही सार्वजनिकच. शिवाय शेजाऱ्याचा हक्क कलमाच्याही आधीचा. आता आम्ही गाडीसाठी भाड्याची जागा घेतली आहे. तुमच्या गल्लीतून रुग्णवाहिका जाते का? आजच पाहा.