दिवसाचं ऊन रात्रीला

लेहमध्ये जानेवारीत रात्रीचा पारा उणे 15 अंशांच्या आसपास असतो. नळ गोठतात. श्रीनगर आणि मनालीकडून येणारे रस्ते बर्फाने अडले की ताजी भाजी विमानाने येते आणि विमानाच्याच भावाने विकली जाते. तरीही याच दिवसांत तिथल्या कितीतरी घरांच्या दक्षिणेला, मातीच्या भिंतीला टेकवलेल्या प्लॅस्टिकच्या आडोशात पालक, मेथी आणि कोथिंबीर वाढत असते. आत ना हीटर असतो, ना शेगडी.

लडाखमध्ये बाग करायची म्हणजे थंडीशी झुंज, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशावर येतो. हवा विरळ, कोरडी, आणि ढग क्वचितच. त्यामुळे हिवाळ्यातही भर दुपारचं ऊन अंगाला चटके देतं. मात्र जी हवा ऊन अडवत नाही, ती जमिनीची ऊबही धरून ठेवत नाही. रात्री जमीन अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकते. आपल्याकडे हवेतली वाफ आणि ढग त्यातली बरीचशी परत खाली धाडतात. लेहच्या आकाशात ती सरळ निघून जाते. म्हणजे ऊब तिथे पुरेशी आहे, ती पहाटेपर्यंत टिकत नाही एवढंच. घरामागची बाग टिकते की जाते, हे या टिकवण्यावर ठरतं.

गेल्या दोन-अडीच दशकांत तिथे रुळलेलं हरितगृह याच हिशेबाने बांधलेलं असतं. लांबी पूर्व-पश्चिम. दक्षिणेला अतिनील किरणांना टिकणारं जाड प्लॅस्टिक, उतरतं लावलेलं. उत्तरेला कच्च्या विटांची दुहेरी भिंत, मधल्या पोकळीत पेंढा किंवा लाकडाचा भुसा. भिंतीची आतली बाजू काळी रंगवलेली. दिवसाची ऊब मातीत वीतभरच शिरते, त्यापलीकडे पोचेपर्यंत रात्र होते. म्हणून नुसती भिंत जाड करत नेऊन भागत नाही. आतला थर ऊब साठवतो आणि पेंढा ती बाहेर जाऊ देत नाही.

हिशेब करून पाहू. भिंत 10 मीटर लांब, 2 मीटर उंच धरली आणि आतला 20 सेंटीमीटरचा थर मोजला, तर माती साधारण 7 टन होते. ती रात्रीतून फक्त 5 अंशांनी निवली, तरी सुमारे 8 युनिट विजेएवढी उष्णता देते. एक किलोवॅटचा हीटर आठ तास चालवला तर तेवढी मिळेल. ती सगळीच रोपांना लाभत नाही, कारण प्लॅस्टिक हा या रचनेतला कच्चा दुवा आहे. काच अवरक्त किरण अडवते, साधं पॉलिथिन बरंचसं जाऊ देतं. आतल्या बाजूला साचलेल्या दवाचा पातळ थर थोडीफार मदत करतो. तरी सूर्य डोंगराआड गेला की आतून कापडाचा पडदा ओढावाच लागतो. एवढ्या शास्त्रानंतर सगळं घरातल्या कुणीतरी वेळेवर पडदा ओढण्यावर येऊन थांबतं!

इतकं करूनही कडाक्याच्या पहाटे आतलं तापमान शून्याखाली जातं. तेव्हा पालकाचं पान पाहावं. ताठ, काळपट हिरवं, काचेसारखं कडक. हात लावला तर मोडतं. नवखा माणूस रोप मेलं समजून उपटेल. दहा-अकराच्या सुमारास ऊन आत भरतं आणि तेच पान मऊ होऊन पुन्हा उभं राहतं. बर्फ पेशींच्या आत झालेला नसतो, पेशींच्या मधल्या फटींत झालेला असतो. थंडी वाढत जाते तसा पालक पेशींमध्ये साखर साठवतो, त्यामुळे आतलं पाणी सहजी गोठत नाही. बर्फ हळूहळू वितळला की बाहेर ओढलं गेलेलं पाणी पेशीत परततं. गोठलेलं पान खुडलं तर मात्र पेशी फुटतात आणि घरात येईपर्यंत त्याचा लगदा होतो. म्हणून भाजी दुपारीच खुडायची. या साखरेमुळे हिवाळ्यातला पालक चवीला गोडसर लागतो, हा वरचा नफा.

दुपारी अडचण उलटी होते. बाहेर शून्याखाली असताना आत तीस अंशांपलीकडे जाऊ शकतं. झरोके उघडले नाहीत तर ओल कोंडते, बुरशी धरते, मावा माजतो. शिवाय त्या उंचीवर कार्बन डायऑक्साइडही हवेच्या प्रमाणातच कमी, आणि बंद जागेतली पानं उरलासुरलाही शोषून घेतात. म्हणजे ऊब वाचवायला खिडकी बंद हवी आणि पानांना श्वास द्यायला उघडी. यावर यंत्र बसवता येईल, पण खेड्यात हे काम अजून माणूसच करतो.

ज्यांना भिंतीचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी लेहमधल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने चर खणून वर प्लॅस्टिक अंथरण्याची सोपी पद्धत पुढे आणली. 1962 साली सैन्याला ताजी भाजी मिळावी म्हणून सुरू झालेली ही संस्था. चर सुमारे तीन फूट खोल. चारही बाजूंना जमीनच भिंतीचं काम करते आणि वाराही वरून निघून जातो.

पाण्याची गोष्ट मात्र जुनी आहे, आणि माझ्या मते जास्त हुशारीची. लेहला वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस-बर्फ मिळून पडतं. आपला दुष्काळी माणदेशसुद्धा त्याच्या चौपट पाऊस पाहतो. सगळी भिस्त वितळणाऱ्या बर्फावर. उंचावरचा बर्फ जूनमध्ये भरात वितळतो, पेरणीला पाणी लागतं एप्रिल-मेमध्ये. ही फट भरायला चेवांग नोरफेल या अभियंत्याने हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी गावाजवळच्या सावलीत अडवून गोठवलं. या कृत्रिम हिमनद्यांसाठी त्यांना 2015 साली पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी पुढे तेच पाणी नळातून उंच उडवून शंकूच्या आकारात गोठवलं. शंकूत बर्फ भरपूर आणि ऊन लागणारा पृष्ठभाग त्या मानाने थोडा, म्हणून तो उशिरापर्यंत टिकतो.

गावात पाण्याची पाळी चुरपोन नावाचा नेमलेला माणूस ठरवतो. ओढ्याचं पाणी आधी लहान तळ्यात साठवतात, त्याला झिंग म्हणतात. साठवण हा एक फायदा. दुसरा असा की, बर्फातून आलेलं पाणी उन्हात थोडं कोमट होतं. थेट सोडलं तर मुळं गारठून काम थांबवतात.

खताचीही तीच कथा. लाकूड दुर्मीळ, त्यामुळे शेण वाळून चुलीत जातं. मग वाफ्याला काय घालायचं? जुन्या लडाखी घरात वरच्या मजल्यावर कोरडं शौचालय असतं. वरून माती आणि राख टाकत राहायची, खालच्या खोलीत खत तयार होतं आणि वसंतात ते शेतात जातं. पर्यटकांसाठी बांधलेल्या हॉटेलांमध्ये फ्लश आला, बोअर आली. पाणीही गेलं आणि खतही. आपल्यासारख्या पाहुण्यांनी याचा थोडा विचार करायला हरकत नाही.

उन्हाळ्यात चित्र पालटतं. दिवस साडेचौदा तासांच्या जवळ जातो, रात्री गार. दिवसा भरपूर साखर तयार होते आणि थंड रात्री श्वसनात ती कमी खर्च होते. तिथल्या गाजराची आणि जर्दाळूची गोडी त्यातून येते.

लडाखमध्ये तैनात असलेल्या कुणा मराठी जवानाने गावाकडून कांद्याचं बी नेलं तर मात्र फसगत होईल. आपले कांदे लहान दिवसांचे. दिवस साधारण साडेअकरा-बारा तासांवर गेला की ते पात वाढवणं सोडून गड्डा धरतात. लेहच्या जूनमध्ये तो इशारा रोपाला पहिल्याच दिवशी मिळतो, आणि चार पातींच्या जिवावर सुपारीएवढा कांदा तयार होतो. तिथे मोठ्या दिवसांचा वाण हवा. घरून काही न्यायचंच, तर मेथीची पुडी न्यावी. हिवाळी हरितगृहात थोड्या दिवसांत जुडी हाती येते, फक्त ती दुपारी खुडायची.