आगीला अडवणारी लोकर

हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचं दार उचललं की नजर जाते ती आत तापलेल्या लोखंडाच्या केशरी उजेडाकडे. भिंतींकडे कुणी पाहत नाही. पण जाळलेल्या गॅसच्या उष्णतेपैकी किती लोखंडाच्या वाट्याला येणार आणि किती वाया जाणार, हे बरंचसं त्या भिंतींवर ठरतं. पूर्वी या भिंती फायर ब्रिकच्या असत. आज भोसरी, चाकणपासून कोल्हापूरच्या शिरोलीपर्यंत अनेक कारखान्यांत त्यांच्या जागी पांढरी, मऊ, सुरीने कापता येणारी लोकर दिसते. कामगार तिला सिरॅमिक ब्लँकेट म्हणतात. 1000 अंश सेल्सियसला ती जळत नाही, वितळत नाही आणि पलीकडच्या पत्र्याला फारसं तापूही देत नाही.

ही लोकर जन्माला आली अमेरिकेत, 1940च्या दशकात. कार्बोरंडम आणि बॅबकॉक अँड विलकॉक्स या दोन कंपन्यांनी ती पुढे आणली. कच्चा माल अगदी ओळखीचा आहे: चिनी माती, किंवा अॅल्युमिना आणि सिलिका यांचं जवळपास निम्मंनिम्मं मिश्रण. विजेच्या भट्टीत ते सुमारे 2000 अंशांपर्यंत तापवून वितळवतात. तळातून रसाची बारीक धार सोडतात आणि तिच्यावर दाबाच्या हवेचा झोत मारतात, किंवा ती वेगाने फिरणाऱ्या चाकांवर पाडतात. क्षणात त्या धारेचे धागे होतात. ते इतके झटकन थिजतात की आतल्या अणूंना स्फटिकाची शिस्तबद्ध रचना करायला सवडच मिळत नाही. तयार होते ती एक प्रकारची काचच. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातले दोन ते चार भाग एवढीच या धाग्याची जाडी.

सगळ्या रसाचे धागे होत नाहीत. काहीचे बारीक मणी राहतात, त्यांना शॉट म्हणतात. शॉट वजन वाढवतो, उष्णता मात्र अडवत नाही. म्हणून ज्या ब्लँकेटमध्ये शॉट कमी, ते चांगलं. धाग्यांचा थर पुढे काटेरी सुयांच्या यंत्राखाली जातो. सुया वरखाली होतात तसे धागे एकमेकांत गुंततात आणि डिंक किंवा रसायन न वापरता चादर तयार होते. 25 मिलिमीटर जाडीचा, 61 सेंटिमीटर रुंदीचा आणि सव्वासात मीटर लांबीचा नेहमीचा गुंडाळा जेमतेम 14 किलो भरतो. एक माणूस तो सहज खांद्यावर टाकतो.

या लोकरीचं सामर्थ्य तिच्यातल्या रिकाम्या जागेत आहे. 128 किलो प्रति घनमीटर घनतेच्या ब्लँकेटमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त जागा हवेची असते. कापसाची रजई अंगाची ऊब धरते ती अशीच, धाग्यांत अडकलेल्या हवेच्या बळावर. पण भट्टीत आणखी एका गोष्टीशी गाठ असते. तापमान जसं वाढतं तशी उष्णता किरणांच्या रूपाने जास्त धावू लागते आणि किरणांना हवा अडवू शकत नाही. ते काम धाग्यांचं. किरण एका धाग्यावर आपटतात, विखुरतात, दुसऱ्यावर जातात. त्यामुळेच जास्त तापमानाला 64 किलो घनतेच्या हलक्या ब्लँकेटपेक्षा 128 किलोचं जड ब्लँकेट उष्णता अधिक अडवतं. स्वस्त पडतं म्हणून हलकं ब्लँकेट घेणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

खरा फायदा कळतो तो भट्टी रोज पेटवून विझवावी लागते तेव्हा. एक चौरस मीटर भिंत घेऊ. 230 मिलिमीटर जाडीची फायर ब्रिकची भिंत असेल, तर तेवढ्या तुकड्याचं वजन साधारण साडेचारशे किलो. 200 मिलिमीटर लोकरीचं अस्तर असेल, तर सुमारे 26 किलो. एक किलो वीट आणि एक किलो लोकर तापवायला उष्णता जवळपास सारखीच लागते. म्हणजे विटांच्या भट्टीत आधी हे साडेचारशे किलो तापवायचे, मग लोखंड. आणि भट्टी बंद केली की भिंतीने गिळलेली ती उष्णता वाऱ्यावर जाते. शिवाय विटा घाईने तापवल्या तर तडकतात. लोकरीला तो धोका नाही. म्हणूनच सुट्टीनंतर लोकरीची भट्टी सकाळी पेटवली की लवकर कामाला लागते.

अस्तर लावणं ही मात्र कसबाची गोष्ट आहे. ही लोकर पहिल्यांदा तापते तेव्हा थोडी आकसते. साधारण 1000 अंशांच्या आसपास तिच्या काचेत मुलाइटचे स्फटिक होऊ लागतात आणि आणखी वर क्रिस्टोबलाइट तयार होतं. नुसती चादर ताणून लावली तर सांधे उघडतात आणि ज्वाळा थेट पत्र्यापर्यंत पोचते. त्यावर उपाय म्हणून मॉड्यूल आले. ब्लँकेटच्या घड्या घालून, त्या दाबून, पट्टीने आवळून साधारण एक फुटी चौकोनी ठोकळा करतात. कारागीर भट्टीच्या पत्र्याचा गंज खरवडतो, खडूने चौकटी आखतो, स्टेनलेस स्टीलचे अँकर वेल्ड करतो आणि एकेक ठोकळा त्यावर चढवतो. भिंत भरली की आवळपट्ट्या कापून ओढून काढतात. दाबलेल्या घड्या फुलतात, शेजारच्या ठोकळ्यांना रेटतात. मग फळी ठेवून हलक्या हाताने ठोकून सांधे मिटवतात. पुढे होणारं आकसणं या राखून ठेवलेल्या दाबातून भरून निघतं. आत 1000 अंश असताना बाहेरचा पत्रा 70-80 अंशांवर ठेवता येतो तो अशा नेटक्या कामामुळे.

या लोकरीला मर्यादाही आहेत. वितळलेला धातू आणि मळी तिला खाऊन टाकतात. जोरदार ज्वाळेच्या झोताने ती झिजते आणि आत सरकवलेल्या लोखंडाचा धक्का लागला तर फाटते. म्हणून भट्टीच्या तळाला आणि दाराच्या उंबऱ्याला वीट किंवा ओतून बसवलेलं कास्टेबल काँक्रीटच हवं. गुंडाळ्यावर 1260 अंशांचा शिक्का असला, तरी कायमच्या वापरात त्याच्या शंभर-दीडशे अंश खाली राहणं शहाणपणाचं. त्याहून वर जायचं तर झिर्कोनिया मिसळलेली 1430 अंशांची जात घ्यावी लागते.

आता ज्याची चर्चा सगळ्यात कमी होते तो मुद्दा. इतका बारीक धागा हवेत उडाला तर थेट फुप्फुसात खोलवर पोचू शकतो आणि तिथे लवकर विरघळत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेल्या परिणामांवरून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या तंतूंना 2बी गटात, म्हणजे माणसात कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवलं आहे. युरोपीय महासंघाने त्यांना त्याहून कडक, 1बी वर्गात टाकलं आहे. अमेरिकेच्या नायोश या संस्थेने 2006 साली सुचवलेली मर्यादा आहे हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये अर्धा तंतू. जुनं अस्तर उपसताना धोका आणखी वाढतो, कारण वर्षानुवर्षं तापलेल्या लोकरीत क्रिस्टोबलाइट असू शकतं. ते तर कर्करोगकारक म्हणून सिद्धच झालेलं आहे. तोंडाला बांधलेला रुमाल यांपैकी काहीही अडवत नाही. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क, अंगभर कपडे, उपसताना पाण्याचा फवारा आणि झाडूऐवजी योग्य फिल्टरचा व्हॅक्यूम लागतो.

पर्यायही आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या सिलिकेटची लोकर शरीरातल्या द्रवात बऱ्याच लवकर विरघळते आणि तिच्या जातीप्रमाणे शिक्का 1200 ते 1300 अंशांचा असतो. पोलादाचं हार्डनिंग बहुतेक 800 ते 950 अंशांत होतं आणि टेम्परिंग त्याहून खाली. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक हीट ट्रीटमेंट भट्ट्यांना ती पुरते. हा पर्याय टाळण्याआधी अॅस्बेस्टॉस आठवावं: तेही उष्णता छान अडवायचं. त्याची किंमत ते लावणाऱ्या आणि उपसणाऱ्या माणसांनी मोजली, तीही कित्येक वर्षांनी.

नवं अस्तर घालताना गॅसच्या बिलात किती बचत होईल याचा हिशेब प्रत्येक कारखानदार मांडतो, आणि तो मांडायलाच हवा. त्याच कागदावर आणखी तीन ओळी असाव्यात: लोकर कोणत्या जातीची, लावणाऱ्यांना मास्क कोणता, आणि जुनं अस्तर कोण, कसं उपसणार. या ओळींचा खर्च वाचलेल्या गॅसच्या मानाने किरकोळ आहे. ज्या ठेक्यात त्या नाहीत, तो स्वस्त दिसला तरी मालकाने त्यावर सही करू नये.